लवू धुरीचं कलकत्त्याचं काम

दादरच्या एका जुन्या वाचनालयात लवू धुरीने सत्तावीस वर्षं चिठ्ठ्यांवर नोकरी केली. वाचकाने टेबलापाशी उभं राहून चिठ्ठी लिहायची, त्यात लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि क्रमांक, आणि ती पत्र्याच्या डब्यात टाकायची. मग लवूने ती घेऊन आतल्या कपाटांच्या बोळांत शिरायचं आणि पुस्तक काढून आणायचं. लेखक चुकला असला की लवू चिठ्ठी तशीच परत आणून वाचकापुढे ठेवी. "असा माणूसच नाय आमच्याकडे. नाव नीट आठवा." प्रोफेसर असो की कॉलेजातली पोरगी, सगळ्यांना एकच माप. एखादा म्हणायचा, "अहो, लाल कव्हर आहे बघा, एवढं जाडं." मग तर लवूला चेवच यायचा. "साडीच्या दुकानात जावा. थंय रंगावर मिळतं."

पुस्तकं त्याने उचलली, झटकली, वाळवीपासून राखली, शिडीवर चढून वर लावली. वाचलं मात्र एकही नाही. त्यात त्याला कधी वावगं वाटलं नव्हतं. गिरणीत असताना रोज दोनदोनशे वार कापड विणलं, ते काय सगळं अंगावर घेतलं होतं?

आणि आता एकोणसत्तराव्या वर्षी तोच लवू टेबलाच्या या बाजूला उभा होता. ग्रंथपाल वैदेही मॅडमने त्याच्यापुढे कोरी चिठ्ठी सरकवली होती. निम्मं गमतीने, निम्मं कामाचं म्हणून.

"लिहा काका. लेखकाचं नाव?"

लवूने खिशातलं पेन काढलं आणि सावकाश लिहिलं, सौ. सुचित्रा लवू धुरी. मग थांबून 'सौ.' खोडलं. नंतर वाटलं खोडायला नको होतं. ती गेली सौ. म्हणूनच. मागे राहिला तो.

"काकूंचं पुस्तक?" वैदेही मॅडमचा आवाज खाली आला. "तुम्ही कधी बोलला नाहीत. पुस्तकाचं नाव काय?"

"ता माका म्हायत नाय." लाज वाटली की लवूच्या तोंडात मालवणी यायची. "निळं होतं."

वैदेही मॅडमला हसू फुटलं. त्याच्या तोंडाकडे बघून तिने ते तसंच गिळलं.

"गोष्टी होत्या," लवू म्हणाला. "एवढं जाड." त्याने करंगळीचं नख दाखवलं.

*

लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, लवूची खोली. एके काळी गावातले अकरा जण त्या खोलीत पाळीपाळीने झोपत. मग लवूचं लग्न झालं आणि बाकीचे हळूहळू उठून गेले. पोरगी झाली, शिकली, लग्न होऊन बडोद्याला गेली. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि खोलीत लवू एकटा उरला. अकरा माणसांची खोली एका माणसाला किती मोठी होते, ते त्याला आता कळत होतं. रात्री झोपताना तो अजून भिंतीला चिकटूनच झोपे. उरलेली जागा कोणाची, ते त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

बायको ठाकूरद्वारची. तिचे वडील भिकाजी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ब्राऊन पेपरात बांधलेला एक गठ्ठा होता. पहिल्याच आठवड्यात तिने त्यातलं एक निळं पुस्तक काढून लवूच्या हातात दिलं.

"माझं आहे. मी लिहिलंय. बाबांनी छापलं. वाचा."

"वाचतो गो," लवू म्हणाला होता.

तेव्हा गिरणीत त्याची तिसरी, रात्रीची पाळी चालू होती. पुस्तक उशाशी राहिलं, मग खिडकीत गेलं, मग गठ्ठ्यात परत गेलं आणि गठ्ठा माळ्यावर. महिन्या-दोन महिन्यांनी ती विचारायची, "वाचलंत काय?" आणि हा म्हणायचा, "वाचतो गो." पुढे तिने विचारायचं सोडलं.

मग ब्याऐंशीचा संप आला. गिरणी थंड पडली. बायकोला त्याने गावी आईकडे धाडलं आणि स्वतः नाक्यावर चणे-शेंगदाण्यांची टोपली घेऊन बसला. पुड्यांना कागद लागतो. सासऱ्याने छापखान्यात खराब गेलेले छापील कागद पाठवायला सुरुवात केली, ब्राऊन पेपरात, सुतळीने बांधून. लवू ते माळ्यावर टाकी आणि लागतील तसे ओढी. सकाळी उजाडायच्या आत पन्नास-साठ पुड्या वळायच्या असत. कोणता गठ्ठा कुठला, ते बघतो कोण? एक गठ्ठा जरा वेगळा होता. त्यातले कागद शिवलेले होते, ते फाडावे लागले. वर निळा जाड कागद होता. तो पुडीला वळेना, म्हणून त्याने शेगडी पेटवायला घेतला.

बायको गावाहून आली ती एसटीतून उतरून सरळ नाक्यावरच. ट्रंक बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसली आणि हाताला काम म्हणून एक पुडी भरायला घेतली. भरता भरता थांबली. पुडी उलगडली, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केली, दोन्ही बाजूंनी बघितली. मग पुन्हा गुंडाळली, खालचं टोक मुडपलं आणि टोपलीत खोचून ठेवली.

"कागद संपत आलाय," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर ती माळ्यावर चढली आणि हातात नुसती सुतळी घेऊन उतरली.

"ते माझं होतं."

"आधी सांगायचंस ना गो!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

भांडण नाही, रडणं नाही. चाळीस वर्षांत त्या दिवसाचा विषय पुन्हा निघाला नाही. लवूनेही काढला नाही. गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे ओळखीने वाचनालयाची नोकरी लागली तेव्हा ती हसून म्हणाली, "बरं झालं, आता पुस्तकं सांभाळाल." टोमणा होता की नव्हता, लवूला अजून ठरवता आलं नव्हतं. माहेरच्या प्रती तिच्या भावाने चाळ सोडताना कुठे गेल्या, कोणाला ठाऊक. म्हणजे अख्ख्या लालबागने शेंगदाणे खाता खाता तिचं पान-अर्धं पान वाचलं असेल. नवऱ्याने तेवढंही नाही.

ती गेल्यावर दुसरं वर्षश्राद्ध उरकून लेक बडोद्याला परत गेली, तेव्हा लवूने तिचा बिस्किटांचा जुना डबा उघडला. सुया, बटणं, सुटी हुकं. आणि त्यांच्याखाली, आठाच्या आकड्यात नीट गुंडाळलेली ती सुतळी.

त्या दिवसापासून लवूला एकच ध्यास लागला. ते पुस्तक एकदा वाचायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

आणि वाट त्याला ठाऊक होती. वाळवी लागली त्या वर्षी दोन कपाटं जाळावी लागली होती, तेव्हा जुने ग्रंथपाल त्याला धीर देत म्हणाले होते, "लवू, आपल्याकडचं जळलं म्हणून पुस्तक मरत नाही. कायदाच आहे तसा. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कलकत्त्याला राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची असते. ती तिथून घरी देत नाहीत. जाऊन वाचायची." ते वाक्य लवूच्या डोक्यात तेव्हापासून पडून होतं. त्याला आता पाय फुटले.

*

वैदेही मॅडमने कलकत्त्याला मेल धाडला आणि इकडे लवू तयारीला लागला. उत्तराची वाट बघत बसणारा तो गडी नव्हे.

त्याने शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'कलकत्ता काम'. वैदेही मॅडमकडून एकेक विचारून घेतलं. आधारकार्ड, दोन फोटो, आपल्या वाचनालयाच्या लेटरहेडवर ओळखीचं पत्र. पिशवी बाहेर ठेवावी लागेल. शाईचं पेन नको, पेन्सिल न्या. सुट्टीचे दिवस बघून जा. पुस्तक आतून काढून यायला वेळ लागतो, पहिला दिवस त्यात गेला असं धरून चाला.

"ता माका सांगू नको मॅडम," लवू ऐटीत म्हणाला. "आतून पुस्तक यायला वेळ का लागतो, ते माझ्यापेक्षा कोणाला म्हायत आहे? शिपाई चहाला गेलेला असतो."

फोटो काढून झाले. चष्म्याचा नंबर वाढवून झाला. हावड्याच्या गाडीचा तक्ता वहीत उतरवून झाला. तिकडे मराठी माणसांसाठी उतरायची सोय आहे असं कोणीतरी सांगितलं, तो फोन नंबर त्याने दोनदा लिहिला, एकदा वहीत आणि एकदा कॅलेंडरवर.

मग त्याच्या ध्यानात आलं की सगळी तयारी झाली, खरं काम राहिलं. आपल्याला वाचता कुठे येतं? म्हणजे अक्षर येत होतं. पेपर तो रोज बघायचा, मथळे, मयतांचे फोटो, सोन्याचा भाव. पण सलग पन्नास-साठ पानं? त्याने वैदेही मॅडमकडून गोष्टींचं एक बारीक पुस्तक मागून आणलं आणि खिडकीत घड्याळ ठेवून बसला. एका पानाला सहा मिनिटं लागली. वर पान संपलं तेव्हा सुरुवातीला काय होतं, तेच आठवेना.

रोज चहानंतर तो सरावाला बसू लागला. तोंडाने पुटपुटल्याशिवाय त्याला वाक्य पुढे सरकवता येत नसे. पलीकडच्या खोलीत सुंदराबाई राहायच्या, त्याच्याच तालुक्यातल्या, त्यांचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे इकडचं शिंकणंही तिकडे पोचायचं.

"लवूभाऊ, पोथी लावल्यात काय ओ?"

"नाय गो बाय. सराव करतंय."

"कसलो सराव?"

"वाचूचो."

"ह्या वयात परीक्षेक बसतास?"

"तसांच समज."

वैदेही मॅडमने त्याला एकदा वाचनालयात पुटपुटताना पकडलं. "काका, तिथल्या वाचनकक्षात असे ओठ हलवलेत तर शेजारचा उठून तक्रार करील." लवू खजील झाला. तोंड हलवून वाचणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्याने स्वतः टेबलावर पेन्सिल ठोकून गप्प केलं होतं. आता तो खालचा ओठ दातांत धरून वाचू लागला. पान पाच मिनिटांवर आलं, मग चारवर.

खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत लवू बरा होता. सकाळी उठायला कारण होतं. भाजी आणायला खाली उतरला तरी पाय झपाझप पडायचे, घरी काम पडलंय म्हणून. लेकीचा रविवारचा फोन यायचा तेव्हा आधी तो वाट बघत बसलेला असे. आता म्हणायचा, "थांब, एवढं पान होऊ दे."

अंबिका, त्याची लेक, बँकेत होती. तिला आधी हे सगळं गंमत वाटलं. मग काळजी वाटू लागली.

"बाबा, एकट्याने कलकत्ता? तुम्ही बडोद्याला येताना सुरतला उतरला होतात."

"तेव्हा झोप लागलेली."

"आणि दीड दिवसाच्या प्रवासात लागणार नाही? त्यापेक्षा दिवाळीला इकडे या ना. आणि कसलं पुस्तक एवढं?"

"तुझ्या आईचं."

"आईचं म्हणजे?"

"तिने लिहिलेलं. गोष्टींचं."

तिचा आवाज लहान झाला. "आई लिहायची?"

"लिहायची. लग्नाच्या आधी."

"मला कसं माहीत नाही?"

लवूकडे उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्यातलं नव्हतं. तो म्हणाला, "कोणी सांगितलं नाय तुला," आणि जेवलीस काय विचारून फोन ठेवला.

*

जूनमध्ये उत्तर आलं. 'सुचित्रा लवू धुरी' या नावाचं काही नोंदीत नाही.

वैदेही मॅडमने आडनावाची स्पेलिंगं बदलून बघितली, आद्याक्षरं घालून बघितली. मुंबईतल्या मोठ्या ग्रंथालयातही विचारून झालं. दुसरं उत्तर आलं, तेही तेच, फक्त जास्त नम्र. नोंद नाही. पुस्तकाचं नाव कळवल्यास पुन्हा पाहता येईल.

"काका, कदाचित त्यांनी पाठवलंच नसेल. पुष्कळ छोटे छापखाने पाठवायचे नाहीत."

लवू "बरं" म्हणाला. घरी आला. वही उघडली नाही. चहानंतर घड्याळ खिडकीत ठेवलं नाही. चार दिवस त्याने दाढी केली नाही. पाचव्या दिवशी सुंदराबाईंनी फळीवर टकटक केलं.

"लवूभाऊ, आवाज नाय तुमचो. परीक्षा झाली काय?"

"झाली. नापास."

त्यांनी वाटीतून सोलकढी आणून दारात ठेवली आणि काही न विचारता गेल्या. लवू ती पीत बसला. आपण खरं म्हणजे बायकोला शोधत नव्हतो, तिच्यापुढे जायचं काहीतरी निमित्त शोधत होतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ते निमित्तही आपल्याच शेगडीत गेलं.

पुस्तकाचं नाव. ते कोणाला ठाऊक असेल? विचार करता करता त्याला नलू आठवली.

नलू ही बायकोची ठाकूरद्वारची मैत्रीण. टेलिफोन खात्यात होती, लग्न केलं नाही, अजून त्याच वाडीत राहायची. बायको महिन्यातून एकदा तिच्याकडे जायची. बेचाळीस वर्षांत लवू एकदाही गेला नव्हता. बसमधून उतरून, विचारत विचारत, तीन जिने चढून तो दारात उभा राहिला तेव्हा धाप लागली होती.

"या धुरी," नलूताई म्हणाल्या. दचकल्यासुद्धा नाहीत. "उशीर केलात. बसा. पाणी घ्या आधी, ते स्टुलावरचं नको, मडक्यातलं."

लवूने सगळं सांगितलं. मेल, दोन उत्तरं, पुस्तकाचं नाव ठाऊक नसणं. शेंगदाण्यांचं सांगायला लागला तेव्हा त्यांनी हात वर केला. "ते मला माहीत आहे. पुढे?"

"पुढे काय? तिथे पुस्तक नाय म्हणतात."

"नाव काय कळवलंत तुम्ही?"

"तिचंच. सुचित्रा लवू धुरी."

नलूताई पदराने चष्मा पुसायला लागल्या, उगीचच, कारण तो स्वच्छ होता.

"अहो धुरी, हे नाव तुम्ही एप्रिल ऐंशीत ताटातल्या तांदळांवर लिहिलंत. मी शेजारीच उभी होते. तुमच्या थोरल्या भावाची अंगठी होती, ती बोटातून घसरत होती. पुस्तक त्याच्या आधीच्या दिवाळीतलं. त्यावर सुचित्रा कशी असेल?"

लवूचं पाणी ओठापाशी थांबलं.

"कालिंदी भिकाजी पेडणेकर," नलूताई म्हणाल्या. "मुखपृष्ठावर, एवढ्या मोठ्या टाइपात. भिकाजीकाकांनी दुसऱ्या छापखान्यातून तो टाइप मुद्दाम मागून आणला होता, लेकीच्या नावासाठी. तुम्ही मुखपृष्ठ तरी बघितलं होतंत ना?"

सत्तावीस वर्षं लोकांच्या तोंडावर चिठ्ठ्या परत केलेल्या माणसाने स्वतःच चुकीच्या लेखकाची चिठ्ठी भरली होती. भटजींनी स वरून नाव काढा म्हणून सांगितलं. गिरणीतल्या खात्यातला एक जण म्हणाला, सुचित्रा ठेव, झोकदार आहे. त्याने ठेवलं. रेशनकार्डावर चढलं, मतदारयादीत चढलं, शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर चढलं. त्याच्या लेखी ती जन्मापासून सुचित्राच होती. कालिंदी नावाची बाई त्याला कधी भेटलीच नव्हती.

"पाठवली होती काय पण प्रत? कलकत्त्याला?"

"आम्ही दोघी गेलो होतो ना गिरगावच्या पोस्टात! काका म्हणाले, कायद्याप्रमाणे जायला हवं. पत्ता तिने स्वतः लिहिला. पार्सल खिडकीतून आत सरकवलं तेव्हा म्हणते कशी, 'नलू, माझ्याआधी माझं नाव कलकत्त्याला पोचतंय.'" नलूताई हसल्या. मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "पुढे मी विचारायची, दुसरं कधी गं? तर म्हणायची, कागद संपला."

लवू उठला. दारात त्याने मागे वळून विचारलं, "पुस्तकाचं नाव?"

"ते तुम्हीच वाचा," नलूताई म्हणाल्या. "एवढं तरी."

*

नवं नाव कळवल्यावर आठव्या दिवशी उत्तर आलं. वैदेही मॅडमने त्याला फोनवर सांगितलं नाही, बोलावून घेतलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. कालिंदी भिकाजी पेडणेकर. 'तिसऱ्या मजल्याचं पाणी'. मुंबई, १९७९. चौसष्ट पानं. एक प्रत. फक्त वाचनकक्षात.

"मुंबईत या नावानेही विचारलं मी," ती म्हणाली. "इथे नाही. तिथेच आहे."

लवूने ते नाव तीनदा वाचलं. खालचा ओठ दातांत धरायचं विसरला. मग मनातल्या मनात आकडेमोड झाली. चौसष्ट पानं, पानाला चार मिनिटं, सव्वाचार तास. नाही म्हटलं तरी एक दिवस. दुसरा दिवस पुन्हा एकदा वाचायला.

"काका, अजून एक. मी त्यांना तुमचं वय कळवलं होतं. प्रवास झेपणार नसेल तर पानांच्या प्रती काढून पाठवता येतील का बघतो म्हणालेत. जायचीसुद्धा गरज नाही. मी इथेच छापून देईन तुम्हाला, बाइंडिंग करून."

वैदेही मॅडमला वाटलं होतं, म्हातारा खूश होईल.

"नको," लवू म्हणाला.

"का हो?"

"घरी आलं की वाचतो वाचतो म्हणत राहीन मी. माका माझो भरवसो नाय, मॅडम. तिथे दुसऱ्या कशासाठी जाणार नाय मी. तिथे वाचावंच लागेल."

तिने पत्राचा मसुदा काढला आणि 'वाचकाचं नाव' या जागी लवू गोपाळ धुरी असं टाइप केलं.

नोव्हेंबरचं तिकीट निघालं. एका माणसाचं, खालचा बर्थ. अंबिकाने फोनवर दोनदा विचारलं, मी येऊ का बरोबर, आणि दोन्ही वेळा तिच्या आवाजात रजेची अडचण ऐकू आली. लवू म्हणाला, "नको गो. मी वाचून येतो, मग तुला सांगतो. पहिल्या पानापासून."

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने पिशवी भरली. पेन्सिली दोन, टोक काढून. चष्मा. पत्र. बिस्किटांच्या डब्यातली सुतळी त्याने हातात घेतली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. तिचं तिकडे काय काम, ते त्याला सांगता आलं नसतं.

एक गोष्ट राहिली होती. टेबलापाशी उभं राहून मागायचं कसं? तिकडचा शिपाई हिंदीच बोलणार. लवू खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्याने समोर टेबल आहे असं धरलं. टेबलामागे आपल्यासारखाच कोणी खडूस म्हातारा आहे असंही धरलं.

"मेरेको एक किताब चाहिए," तो म्हणाला. "लिखनेवाली का नाम..."

आणि गाडी अडली. बेचाळीस वर्षांत त्याने बायकोला नावाने हाक मारली नव्हती. गो म्हणायचा, नाहीतर आयकलंस. सुचित्रा हे नावसुद्धा त्याच्या तोंडून फक्त कचेऱ्यांत आणि इस्पितळात निघालं होतं. आणि हे तर त्याहून परकं, परक्या पोरीला रस्त्यात थांबवल्यासारखं.

"कालिंदी," त्याने हळूच म्हणून बघितलं.

आवाज खोलीत फिरला आणि परत त्याच्यापाशी आला. त्याने घसा खाकरला. "कालिंदी!"

जरा मोठ्याने झालं असावं. पलीकडे सुंदराबाईंचा टीव्ही एकदम बंद झाला.

"कोण इला ओ लवूभाऊ?"

"कोण नाय."

"मगे साद कोणाक घालतास?"

लवू फळीकडे वळला.

"बायकोक," तो म्हणाला.

पलीकडचा टीव्ही पुन्हा लागला नाही. लवूने शर्ट खाली ओढून नीट केला, दोन पावलं मागे सरला आणि दारातून आत आल्यासारखा चालत येऊन पुन्हा मधोमध उभा राहिला.

"मेरेको एक किताब चाहिए," त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.